मुंबईतील मैदाने व बागा : वहिवाटीचा इतिहास

शहरांच्या इतिहासात सार्वजनिक बागांचा विचार बहुधा दात्यांच्या अंगाने केला जातो. जमीन कोणी दिली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, उद्घाटन कोणत्या गव्हर्नराने केले, एवढे नोंदविले की त्या बागेचा इतिहास संपला असे समजण्याची प्रथा आहे. लंडन किंवा पॅरिस यांसारख्या शहरांत राजघराण्याची शिकारीची राने पुढे लोकांस खुली झाली. तेथे ही पद्धत काही अंशी चालून जाते. मुंबईत ती चालत नाही. या बेटावर राजाचे रान नव्हते. जी मोकळी जागा आज आपण सार्वजनिक म्हणून ओळखतो, तिच्यापैकी मोठा भाग लोकांच्या विहारासाठी म्हणून राखलेला नव्हता. तोफांच्या माऱ्यासाठी, गुरांच्या पाण्यासाठी, शहराचा पाणीपुरवठा झाकण्यासाठी, अशा भलत्याच कारणांनी ती मोकळी राहिली. ती सार्वजनिक कशी झाली हा प्रश्न म्हणूनच दानपत्रांवरून सुटत नाही. त्यासाठी आपल्या जमीनव्यवहारातील एक जुना शब्द अधिक उपयोगी पडतो. तो म्हणजे 'वहिवाट'. दीर्घकाळच्या निर्वेध वापराने जो हक्क उत्पन्न होतो तो वहिवाटीचा हक्क. मुंबईच्या मैदानांवरील लोकांचा हक्क बव्हंशी या जातीचा आहे, आणि त्यास निर्वेधता मात्र क्वचितच लाभली, हे प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. 'बाग' व 'मैदान' हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतून आले, 'उद्यान' संस्कृतातून आणि 'पार्क' इंग्रजीतून. मुंबईच्या मराठीत यांची वाटणी कोशाप्रमाणे झालेली नाही. शिवाजी पार्क हे स्पष्टपणे मैदान आहे, तरी त्याला कोणी मैदान म्हणत नाही. राणीची बाग ही महापालिकेच्या पाटीवर कित्येक दशके उद्यान आहे, तरी ती बागच राहिली. तरीही एक भेद स्थूलमानाने खरा आहे. बागेस कुंपण, दरवाजा, वेळ व माळी असतात. मैदानास यांपैकी काही असेलच असे नाही. बागेत माणूस पाहुणा म्हणून जातो, मैदानात तो आपले काम घेऊन जातो. पुढील विवेचनात हा भेद वारंवार उपयोगी पडेल.

अठराव्या शतकातील मुंबईत हिरवळीची वाण नव्हती. गिरगावापासून माहीमपर्यंत नारळीच्या व फळझाडांच्या वाड्या पसरलेल्या होत्या. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी ही नावे अजून त्या स्थितीची साक्ष देतात. पण वाडी ही खासगी मालकीची, उत्पन्नाची जमीन. तिच्या सावलीत बसणारा मनुष्य मालकाच्या परवानगीने बसे. शहर वाढू लागले तशी या वाड्यांची झाडे गेली व चाळी आल्या. नावे तेवढी उरली. सार्वजनिक बागेचा प्रश्न मुंबईत उशिरा उभा राहिला याचे एक कारण हे असावे, की जोवर वाड्या होत्या तोवर त्याची निकड कोणास भासली नाही, आणि निकड भासू लागली तेव्हा जमीन महाग झाली होती.

मोकळ्या जागेचा मोठा पट्टा एकच होता व तो लष्करी होता. कोटाच्या तटाबाहेर शत्रूस आडोसा मिळू नये म्हणून जमीन उघडी ठेवण्याची रीत होती. हीच मुंबईची एस्प्लनेड. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात मोठी आग लागून पुष्कळ भाग भस्मसात झाला. त्यानंतर तटाभोवतीची घरे व झाडी आणखी दूरवर हटविण्यात आली, आणि उठविलेली देशी वस्ती उत्तरेस बाहेरकोटात वाढली. म्हणजे ज्या मोकळेपणाचे पुढे एवढे कौतुक झाले तो मुळात लोकांस हुसकावून निर्माण झालेला होता. उन्हाळ्यात गोरे अधिकारी या पठारावर तंबू ठोकून राहत आणि पावसाळ्यापूर्वी ते उठवीत. देशी लोकांच्या दृष्टीने एस्प्लनेड म्हणजे कोट व बाहेरकोट यांमधील ओलांडावयाचे अंतर होते.

तरी या काळातही तेथे लोकांचा वावर होता. तो हळूहळू वाढला आणि सरकारनेही प्रसंगी त्याचा उपयोग करून घेतला. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन व मंगल गडिया या दोन शिपायांस याच मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. शिक्षा उघड्यावर दिली ती लोकांनी पाहावी म्हणून. मैदानाचे सार्वजनिकत्व सत्तेने प्रथम ओळखले ते या भीषण रीतीने, असे म्हणावयास हरकत नाही. ज्या पोलीस अधिकाऱ्याने हा कट उघडकीस आणला त्याचे नाव चार्ल्स फॉर्जेट. हेच नाव मुंबईच्या बागांच्या इतिहासात लगेच पुढे पुन्हा येते.

कोटाच्या आत सेंट टॉमस चर्चसमोर 'बॉम्बे ग्रीन' नावाची मोकळी जागा होती. नाव हिरवळीचे, पण तिचा व्यवहार कापसाचा होता. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्यास गेला तोवर तेथे गाठींचे ढीग पडत. याच ग्रीनवर लॉर्ड कॉर्नवॉलिस याचा पुतळा छत्रीखाली उभा होता. लोकांनी त्या पुतळ्यास फुले वाहण्यास व हात जोडण्यास आरंभ केला, आणि ते स्थान 'छोटा देवळ' म्हणून ओळखले जाऊ लागले. सरकारला हे रुचले नाही, पण ते थांबविणेही त्याला साधले नाही. या हकीकतीचा उल्लेख इंग्रज लेखक थट्टेने करतात. आमच्या मते तीत थट्टेपेक्षा अधिक काही आहे. ज्या हेतूने जागा मांडली गेली तो हेतू बाजूस सारून लोकांनी तिला आपला उपयोग लावून दिला, आणि हाच प्रकार या शहरात पुढे पुनःपुन्हा घडला. या पडीक ग्रीनभोवती एकसारख्या इमारतींचे वर्तुळ व मध्ये बाग ही कल्पना फॉर्जेट याची. लॉर्ड एल्फिन्स्टन व त्यानंतर सर बार्टल फ्रिअर यांचे तीस पाठबळ मिळाले. म्युनिसिपालटीने जागा घेऊन ती इमारतींसाठी तुकड्यातुकड्यांनी व्यापारी कंपन्यांस विकली, आणि १८७२ च्या सुमारास एल्फिन्स्टन सर्कल पूर्ण झाले. मुंबईतील ही पहिली आखीव नागरी बाग. ती शोभेची होती, सभोवतालच्या पेढ्यांची किंमत वाढविणारी होती, आणि तिच्यात जमाव जमण्यास वाव नव्हता. स्वातंत्र्यानंतर तिला बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. 'बॉम्बे क्रॉनिकल'च्या या संपादकास १९१९ मध्ये सरकारने हद्दपार केले होते. बँका व पेढ्यांच्या वर्तुळास एका हद्दपार संपादकाचे नाव मिळाले, हा योग मोठा गमतीचा आहे.

फ्रिअर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, शहरात पैसा वाहत होता, आणि कोटाचे तट निरुपयोगी ठरले होते. ते त्याने पाडविले. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मराठीतील हे पहिले विस्तृत नगरवर्णन शहर आपला जुना आकार टाकीत असतानाच छापले जात होते. तट पडल्यावर एस्प्लनेडचे लष्करी प्रयोजन संपले व ती विक्रीयोग्य जमीन झाली. काही भाग विकला गेला, काहीवर सचिवालय, विद्यापीठ व उच्च न्यायालय यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि रस्त्यांनी छेदलेले जे तुकडे उरले ते म्हणजे आजची कूपरेज, ओव्हल, क्रॉस मैदान व आझाद मैदान. एका मोठ्या पठाराचे हे चार अवशेष होत. नकाशावर ते आखीव दिसतात, परंतु त्यांस बागेसारखी मांडणी नव्हती. गवत, धूळ आणि पायवाटा एवढाच त्यांचा ऐवज होता. नेमक्या याच कारणाने ते पुढे कोणाचेही होऊ शकले.

याच वर्षांत मुंबईस खरीखुरी सार्वजनिक बाग मिळाली. तिचा उगम मात्र शेतीसुधारणेत आहे. १८३० मध्ये स्थापन झालेल्या पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि व बागायत संस्थेची शिवडीस बाग होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेण्यात आली, आणि संस्थेने भायखळा-माझगावच्या बाजूस नवी बाग मांडली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर हिच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्सचे उद्घाटन झाले, आणि त्याच दिवशी शेजारच्या संग्रहालयाची कोनशिला बसली. डॉ. जॉर्ज बर्डवूड, जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनी या संग्रहालयासाठी खटपट केली होती. १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला तेव्हा वर्गणीदारच बुडाले व काम रखडले. सरकारने हात दिला तेव्हा कोठे १८७२ मध्ये इमारत उघडली. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, बाग म्युनिसिपालटीकडे आली.

येथे थोडे थांबून या बागेच्या जागेचा विचार केला पाहिजे. तिची आखणी झाली तेव्हा भायखळा-माझगाव हा बंगल्यांचा प्रदेश होता. हिंडावयास येणारा वर्ग गाडीघोड्याचा, असेच तिच्या चालकांनी गृहीत धरले असणार. पण कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये काढली होती, आणि पुढील तीन दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा हा सर्व पट्टा गिरण्यांनी व चाळींनी भरून गेला. बाग जागची हलली नाही. तिच्याभोवतीचे शहर बदलले. बंगलेवाल्यांची बाग बघता बघता गिरणगावाची बाग झाली. तिची हद्द पुढे प्राणिसंग्रहालयासाठी वाढविण्यात येऊन ती सुमारे ५० एकरांची झाली. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगाराच्या मुलांनी हत्ती व वाघ पाहिले ते येथे, आणि गावाहून आलेल्या पाहुण्यास दाखवावयाच्या स्थळांत राणीच्या बागेचे स्थान ठरलेले राहिले. अशा प्रकारचा वापर शासकीय कागदांत फारसा उमटत नाही. तो वाचावयाचा तर कुटुंबांच्या आठवणींतून व मराठी ललित लेखनातून वाचावा लागेल, आणि हे काम अद्याप कोणी पद्धतशीर हाती घ्यावयाचे आहे.

बागेच्या नावाचा प्रवासही मनोरंजक आहे. राणी व्हिक्टोरियाची म्हणून 'राणीची बाग'. स्वातंत्र्यानंतर ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली. सामान्यतः नामांतराने जुने नाव मागे पडते किंवा नवे नाव कागदावरच राहते. येथे दोन्ही एकाच वेळी टिकली, कारण जिजाबाई याही राणीच. १९६५ मध्ये शहरातील इंग्रज राज्यकर्त्यांचे पुतळे चौकांतून हलविण्यात आले, तेव्हा काळा घोडा याच बागेत आला. ज्याला लोकांनी फुले वाहिली तो कॉर्नवॉलिसही शेजारच्या संग्रहालयाच्या आवारात येऊन पोहोचला. त्याच आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ मध्ये तो विलायतेस नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो फुटला, आणि १९१४ मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडले गेले. राज्य संपल्यावर त्याचे सामान कोठे ठेवावे या प्रश्नाचे मुंबईने काढलेले उत्तर म्हणजे राणीची बाग, असे म्हटले तरी चालेल.

आता मैदानांकडे वळू. येथे वहिवाटीचा प्रश्न अगदी उघड स्वरूपात आढळतो, आणि तोही खेळाच्या निमित्ताने. एस्प्लनेडच्या कवायतीच्या मैदानावर पारशी व त्यांच्यामागून हिंदू तरुण क्रिकेट खेळत. त्यांस ना मंडप, ना राखलेले गवत. मिळेल त्या जागी यष्ट्या रोवावयाच्या. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला व त्यास मैदानाच्या एका टोकास स्वतंत्र, राखीव जागा मिळाली. या जिमखान्यात देशी माणसास प्रवेश नव्हता. तरी गोऱ्या सभासदांस पोलो खेळावयास आपली राखलेली हिरवळ नको होती. त्यासाठी त्यांनी देशी खेळाडूंचे मैदान निवडले. घोड्यांच्या टापांनी उखणलेल्या जमिनीवर चेंडू कसा उसळेल याचा नेम राहिला नाही. १८८१ मध्ये शेकडो सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. सरकारने प्रथम काही सवलत दिली, मग जिमखान्याच्या आग्रहावरून ती काढून घेतली. हे भांडण वर्षानुवर्षे चालले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, तेव्हा पोलोविरुद्धच्या या झगड्यास त्यांनी ग्रंथाच्या शीर्षकातच स्थान दिले. अलीकडे रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात या प्रकरणाची सविस्तर मांडणी केली आहे.

या वादात दोन्ही पक्षांनी जी भूमिका घेतली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. एका पक्षाजवळ परवाना होता. दुसऱ्याजवळ वापर होता. अर्जदारांच्या बाजूचे खरे बळ हे, की खेळणारे फार आहेत, त्यांस अन्य जागा नाही, आणि ते येथे आधीपासून खेळत आहेत. मालकीचा दावा न करता हक्काचा दावा करण्याची ही पद्धत मुंबईत पुढे सभांनी, मोर्चांनी, सकाळी फिरावयास जाणाऱ्यांनीही अवलंबिली.

सरकारने वाद मिटविला तो मूळ प्रश्नास बगल देऊन. बॅक बेच्या किनाऱ्यावर, रेल्वेलगत, प्रथम पारशांस, व १८९० नंतरच्या वर्षांत लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना मुसलमानांस व हिंदूंस, स्वतंत्र जिमखान्यांसाठी जागा देण्यात आल्या. खेळाडूंना जागा मिळाली, हे खरे. पण ती जातवार मिळाली. मैदानात पारशी व हिंदू एकत्र धूळ खात होते, ते किनाऱ्यावर कुंपणाने विभागले गेले. पुढे चौरंगी व पंचरंगी सामने याच विभागणीवर उभे राहिले, आणि १९४६ मध्ये ते बंद होईपर्यंत त्यांच्यावर टीका होत राहिली. सार्वजनिक जागेची मागणी खासगी जागा देऊन शमविता येते, हा धडा राज्यकर्ते येथे शिकले, आणि तो ते विसरले नाहीत. मूळ मैदान मात्र लोकांकडेच राहिले. आज आझाद मैदानात एकमेकांस खेटून बावीस खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टीजवळ उभा असतो, आणि परक्या माणसास तेथे किती सामने चालले आहेत हे कळत नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला व मोकळ्या हवेचा प्रश्न जिवावर आला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने, म्हणजे बोलीत ज्यास 'इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' म्हणत त्याने, दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याच्या बाजूस नव्या वसाहती आखल्या. तेथे प्रथमच घरांआधी मोकळ्या जागेचा विचार झाला. मंचेरजी जोशी यांच्या खटपटीने वसलेल्या दादर पारशी कॉलनीतील पाच बागा हे या आखणीचे अद्याप टिकलेले उदाहरण. परंतु ज्यांची घरे रस्त्यांसाठी पाडली गेली ते लोक या वसाहतींत क्वचितच पोहोचले. मोकळी हवा मध्यमवर्गास मिळाली.

या मध्यमवर्गाचे मैदान म्हणजे शिवाजी पार्क. १९२५ मध्ये म्युनिसिपालटीने ते तयार केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिकाच्या निमित्ताने (तेव्हा १६२७ हे जन्मवर्ष धरले जात असे), नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास आजचे नाव मिळाले. क्षेत्र सुमारे २८ एकर. भोवती सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा बसका कठडा आहे, आणि मुंबईच्या मराठीत 'कट्टा' या शब्दास जो गप्पांचा, वादाचा व रिकामपणाचा अर्थ आला त्याचे मोठे श्रेय या कठड्यास द्यावे लागेल. व्यायामशाळा, जिमखाना, गणपतीचे देऊळ हे सर्व मैदानाच्या कडेस, मध्यभाग मोकळा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे यांच्या सभा येथे गाजल्या. १९६६ मध्ये येथे शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिवसेनेचा पहिला मेळावा येथेच भरला. दरवर्षी ६ डिसेंबरास चैत्यभूमीच्या दर्शनास देशभरातून येणारे लक्षावधी अनुयायी याच मैदानात उतरतात. आसपासच्या रहिवाशांस सभांच्या ध्वनिक्षेपकांचा उपद्रव होई. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. या वादात दोन्ही बाजू वहिवाटीच्याच होत्या. एक बाजू रोजच्या वापराची, दुसरी वर्षातून काही दिवसांच्या पण व्यापक वापराची. कोणती थोर हे न्यायालयासही सोपे गेले नाही, असे त्यानंतर दिल्या गेलेल्या अपवादांवरून दिसते.

राजकीय सभांच्या दृष्टीने पाहिले तर शहराची मैदाने वर्गवार वाटली गेली होती. एस्प्लनेड मैदानावर २१ जून १९३० रोजी सत्याग्रही स्वयंसेवकांवर झालेला लाठीहल्ला परदेशी वार्ताहरांनी जगभर पोहोचविला. गवळी आपली गुरे धुण्यास ज्या तळ्यावर आणीत ते गवालिया तळे बुजवून झालेल्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'चा ठराव झाला, आणि दुसऱ्या दिवशी अरुणा असफ अली यांनी तेथे झेंडा फडकविला. परळच्या कामगार मैदानाचा मात्र आपल्या इतिहासलेखनात जेवढा व्हावा तेवढा उल्लेख होत नाही. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला, त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व कम्युनिस्ट पुढारी याच मैदानावरील सभेत एका व्यासपीठावर होते. गवालिया तळ्यास ऑगस्ट क्रांतीचे नाव मिळाले, एस्प्लनेड आझाद झाले. कामगार मैदान कामगारांचे म्हणूनच राहिले, आणि त्याच्यासमोर आज गिरण्या नाहीत.

स्वातंत्र्योत्तर काळाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो बहुतांशी नियमांचा व आरक्षणांचा इतिहास आहे. १९४८ मध्ये मोडक व मेयर यांनी बृहन्मुंबईच्या नियोजनाचा आराखडा तयार केला. त्यानंतर विकास आराखड्यांत मैदाने व बागा रंगवून दाखविण्याची पद्धत रूढ झाली. कागदावर हिरवा रंग असलेल्या पुष्कळ जागांवर प्रत्यक्षात वस्ती, गोदाम किंवा कचरा होता. मलबार टेकडीवर १९५२ मध्ये झालेला कमला नेहरू पार्क व त्यातील म्हातारीचा बूट ही या काळातील लोकप्रिय निर्मिती. त्यासमोरील फिरोजशहा मेहता उद्यान हे तर एका जलाशयाचे छप्पर आहे. खाली दक्षिण मुंबईचे पाणी, वर फुलझाडे. २०२३ मध्ये हा जलाशय पुन्हा बांधण्याची योजना पुढे आली तेव्हा झाडे वाचविण्यासाठी नागरिक उभे राहिले, आणि आपण दीडशे वर्षांच्या पाणीपुरवठ्यावरून फिरतो आहोत हे पुष्कळांस तेव्हा प्रथम समजले.

या काळातील एक प्रकरण मात्र विस्ताराने सांगितलेच पाहिजे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. त्यांच्या जमिनी मिळून सुमारे ६०० एकर होत्या, आणि त्या शहराच्या मध्यभागी, जेथे मोकळी जागा सर्वांत कमी तेथेच होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने अशा जमिनीची तीन वाट्यांत विभागणी सांगितली : एक वाटा महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक गृहनिर्माण मंडळास, एक मालकास. हा नियम शब्दशः अंमलात आला असता तर राणीच्या बागेएवढ्या दोन-चार बागा गिरणगावास सहज लाभल्या असत्या. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. विभागणी संपूर्ण जमिनीची न होता, ज्या जमिनीवर इमारत नाही तेवढ्याच रिकाम्या जमिनीची व्हावी, असे ठरले. गिरणीचे आवार बहुतेक शेडनी व्यापलेले असते. तेव्हा वाटून घेण्यास उरले ते थोडके. शेड पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीत धरावयाची नाही, हे या दुरुस्तीचे मर्म. जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला व २००१ ची दुरुस्ती कायम केली.

हे सर्व घडले त्याची कारणे आर्थिक होती, हे उघडच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एक गोष्ट दिसते. गिरणीच्या भिंतीआड कामगारांचा वावर होता तो मजूर म्हणून. तेथे कोणी क्रिकेट खेळले नव्हते, सभा भरविली नव्हती, संध्याकाळी बसले नव्हते. पोलोच्या वादात अर्जदारांस जो आधार होता तो येथे नव्हता. ज्या जागेवर वहिवाट नाही तिच्यावरील लोकांचा हक्क केवळ नियमाच्या शब्दांवर उभा असतो, आणि शब्द बदलता येतात. याउलट ओव्हल मैदान १९९० नंतरच्या दशकात उकिरड्यासारखे झाले असता शेजारच्या रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात जाऊन त्याची निगा घडवून आणली. त्यानंतर त्यास कुंपण, दरवाजा व वेळा आल्या. मैदान स्वच्छ झाले आणि काही अंशी बाग झाले. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलच्या पूर्वेच्या गॉथिक व पश्चिमेच्या आर्ट डेको इमारतींस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी १२ मार्च रोजी नाशिकहून पायी निघालेले हजारो शेतकरी, दहावीच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेस अडथळा नको म्हणून रात्रीच चालून, पहाटे आझाद मैदानात येऊन बसले. दोन्ही जागा एकाच एस्प्लनेडचे तुकडे आहेत, आणि त्यांमध्ये काही मिनिटांचे अंतर आहे.

ताजा प्रश्न महालक्ष्मी येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचा आहे. दोनशेहून अधिक एकरांच्या या जागेचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, आणि २०२४ मध्ये सुमारे १२० एकर महापालिकेकडे घेऊन तेथे मध्यवर्ती उद्यान करण्याचा निर्णय झाला. शेजारी सागरी किनारा मार्गासाठी भरलेल्या जमिनीवरील मोकळी जागा त्यास जोडावयाची आहे. हे झाल्यास बेटावर दीड शतकानंतर प्रथमच एवढी मोठी जागा लोकांसाठी म्हणून राखली जाईल. तथापि, शर्यतीच्या मैदानात लोक आधीपासूनच जात आले आहेत. पहाटे घोड्यांच्या सरावाबरोबर व त्यानंतर कुंपणाआतील वाटेने फिरणारे, धावणारे, म्हातारे, लहान मुले यांचा रोजचा राबता कित्येक वर्षांचा आहे. नव्या उद्यानाच्या आखणीत दरवाजे कोठे असतील, ते किती वाजता उघडतील आणि जमिनीखाली काय बांधले जाईल, यांविषयी आक्षेप घेणाऱ्यांत हे फिरणारे लोक सर्वांत पुढे आहेत.